अमेरिकेतील रोजगाराचे आकडे आणि ‘फ्रेड’ : सहा वर्षांच्या वापरानंतरचे मत

अमेरिकेतला बेरोजगारीचा दर साधारणपणे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, वॉशिंग्टनमध्ये सकाळचे साडेआठ वाजले की जाहीर होतो आणि काही मिनिटांतच तो जगभरच्या आर्थिक बातम्यांचा मथळा बनतो. मथळ्यात एकच आकडा असतो आणि त्याच्या जोडीला ‘वाढला’ किंवा ‘घटला’ एवढाच शब्द. मी पदवीच्या विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र शिकवते. २०२० च्या मे महिन्यात, मार्चमधला ४.४ टक्क्यांचा दर एप्रिलमध्ये १४.७ टक्क्यांवर गेल्याची बातमी आली, तेव्हा विद्यार्थ्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मथळ्यांत सापडत नव्हते. हे लोक कायमचे बेरोजगार झाले आहेत की तात्पुरते घरी बसले आहेत? काम शोधणेच सोडून दिलेल्यांची गणना कुठे होते? याआधी असे कधी झाले होते का? ती उत्तरे शोधताना मी ‘फ्रेड’ या संकेतस्थळाचा नियमित वापर सुरू केला आणि तेव्हापासून रोजगाराच्या अहवालाचा एकही महिना त्याच्याशिवाय गेलेला नाही.

फ्रेड ही अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेतील सेंट लुईस येथील फेडरल रिझर्व्ह बँकेची सेवा आहे. १९९१ पासून चालत आलेल्या या संग्रहात आज आठ लाखांहून अधिक मालिका, म्हणजे एकेका गोष्टीचे काळानुसार नोंदवलेले आकडे, आहेत. ती पूर्णपणे मोफत आहे आणि आलेख पाहायला किंवा आकडे उतरवून घ्यायला खाते उघडण्याचीही गरज नाही. खाते लागते ते स्वतःचे आलेख जपून ठेवण्यासाठी. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवी. फ्रेड स्वतः कोणतीही पाहणी करत नाही. बेरोजगारीचे आणि रोजगाराचे आकडे अमेरिकेच्या श्रम मंत्रालयाखालील ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स म्हणजे बीएलएस ही संस्था प्रसिद्ध करते आणि फ्रेड ते एका ठिकाणी, एका साच्यात मांडते. त्यामुळे या सेवेचे मूल्यमापन आकड्यांच्या खरेपणावरून करता येत नाही. ते आकडे वाचायला ती कितपत मदत करते, एवढ्यावरूनच करावे लागते, आणि त्या कसोटीवर माझे मत असे आहे की एखाद्या देशाचा श्रमबाजार गंभीरपणे पाहू इच्छिणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगले मोफत साधन मला माहीत नाही. फक्त तिथली एकच रेषा पाहून कोणी पान बंद करू नये.

बेरोजगारीच्या दराचे पान उघडले की जानेवारी १९४८ पासूनची निळी रेषा समोर येते आणि तिच्यामागे मंदीच्या काळाचे राखाडी पट्टे दिसतात. पहिल्या दृष्टिक्षेपातच बरेच काही कळते. १९८२ च्या अखेरीस दर १०.८ टक्के होता, ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्के होता, एप्रिल २०२० मध्ये सुळक्यासारखा वर गेला आणि २०२३ मध्ये ३.४ टक्क्यांपर्यंत उतरला. रेषेची ठेवणही लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे : दर चढतो तो काही महिन्यांत, उतरायला मात्र वर्षे लागतात. राखाडी पट्ट्यांबद्दल नवख्या वाचकाचा एक गैरसमज हमखास होतो. ते पट्टे त्या त्या वेळी आखलेले नसतात. मंदी कधी सुरू झाली हे नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या खासगी संशोधन संस्थेची समिती मागाहून ठरवते. डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेल्या मंदीची घोषणा तिने डिसेंबर २००८ मध्ये केली होती. म्हणजे पूर्ण एक वर्ष आलेख पाहणाऱ्याला तिथे कोणताही पट्टा दिसत नव्हता.

दराची व्याख्या आलेखाखालच्या टिपेत दिलेली आहे आणि ती प्रत्येकाने एकदा तरी शांतपणे वाचावी. सुमारे ६० हजार कुटुंबांच्या मासिक पाहणीतून हा दर काढला जातो. सोळा वर्षांवरील ज्या व्यक्तीकडे काम नाही, जी काम करायला तयार आहे आणि जिने मागच्या चार आठवड्यांत काम मिळवण्यासाठी प्रत्यक्ष काही प्रयत्न केले आहेत, तीच व्यक्ती बेरोजगार (तात्पुरते कामावरून कमी केलेल्यांना मात्र शोधाची अट नसते). पाहणीच्या आठवड्यात एक तासही मोबदल्यावर काम केले असेल तर ती रोजगारात धरली जाते. शोधून थकलेला माणूस प्रयत्न थांबवतो त्या क्षणी तो बेरोजगार राहत नाही, श्रमबळाच्या बाहेर जातो (श्रमबळ म्हणजे काम करणारे आणि बेरोजगार मिळून; दर त्याच्याच टक्केवारीत मोजतात), आणि त्याच्या बाहेर जाण्याने दर कमी होतो. ही व्याख्या लबाडीची नाही. ती आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य असलेल्या पद्धतीची आहे. पण तिच्यामुळेच हा दर एकटा वाचणे धोक्याचे ठरते.

फ्रेडची खरी किंमत इथे कळते, कारण तिथे शेजारची रेषा जोडणे दोन क्लिकचे काम आहे. मी वर्गात नेहमी दाखवते तो आलेख पुढीलप्रमाणे आहे. एका रेषेवर बेरोजगारीचा दर घ्यायचा आणि दुसरीवर २५ ते ५४ वयोगटातील किती टक्के लोक काम करत आहेत ते प्रमाण. हा वयोगट मुद्दाम घ्यायचा, कारण त्यात शिकणारी मुले आणि निवृत्त माणसे फारशी नसतात. जानेवारी २००७ मध्ये दर ४.६ टक्के होता आणि हे प्रमाण ८० टक्क्यांच्या किंचित वर होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये दर ५ टक्क्यांवर उतरला होता, म्हणजे मथळ्याच्या हिशेबाने २००८ च्या संकटाची जखम जवळजवळ भरून आली होती. परंतु दुसरी रेषा अजून ७७ टक्क्यांच्या आसपासच होती. कमावत्या वयाच्या शंभर माणसांमागे तीन माणसे पूर्वी कामावर होती आणि आता नव्हती, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना बेरोजगार म्हणून कोणी मोजतही नव्हते. ती रेषा पुन्हा ८० च्या पातळीवर यायला २०१९ उजाडावे लागले. ‘कामगारांची टंचाई आहे, आता कामावर घ्यायला माणसेच उरलेली नाहीत’ असे त्या मधल्या वर्षांत ज्यांना वाटत होते त्यांनी हा एक आलेख पाहिला असता तर त्यांना थांबून विचार करावा लागला असता. हा आलेख पडद्यावर लावल्यावर वर्गात जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी या सेवेची कायमची ऋणी आहे.

बेरोजगारीची व्यापक मोजमापेही इथे आहेत. बीएलएस यू-१ पासून यू-६ पर्यंत सहा दर काढते. मथळ्यातला दर म्हणजे यू-३. यू-६ मध्ये निराश होऊन किंवा इतर कारणाने शोध थांबवलेले पण काम हवे असलेले लोक आणि पूर्णवेळ काम हवे असूनही अर्धवेळ कामावर भागवणारे लोक मिळवले जातात. त्याची मालिका १९९४ पासूनची आहे. एप्रिल २०२० मध्ये हा दर सुमारे २३ टक्के होता.

त्याच एप्रिलकडे पुन्हा वळते, कारण फ्रेडची उणीव मला तिथेच सर्वांत स्पष्ट दिसते. आज त्या महिन्यावर बाण नेला की १४.८ हा आकडा येतो. पहिल्यांदा जाहीर झालेला १४.७ होता, हंगामी चढउतार वगळण्याचे गणित पुढे दुरुस्त झाल्यामुळे तो किंचित बदलला. पण मोठी गोष्ट वेगळीच आहे. टाळेबंदीमुळे घरी बसलेल्या अनेकांची नोंद पाहणी करणाऱ्यांनी ‘तात्पुरते कामावरून कमी केलेले’ अशी करण्याऐवजी ‘नोकरी आहे, पण इतर कारणाने गैरहजर’ अशी केली होती. ही चूक बीएलएसने स्वतःच्या अहवालात त्याच वेळी मोकळेपणाने मांडली आणि ती झाली नसती तर दर जवळजवळ पाच टक्केबिंदूंनी जास्त आला असता असेही सांगितले. मात्र नोंदवलेली उत्तरे मागाहून बदलायची नाहीत, हा तिचा नियम असल्यामुळे प्रसिद्ध दर तसाच ठेवला. म्हणजे १९४८ पासूनच्या या मालिकेतला हा सर्वांत उंच मासिक सुळका प्रत्यक्षात त्याहून बराच उंच होता. फ्रेडवरच्या टिपेत दराची व्याख्या मिळते, पण त्या महिन्याची ही हकिकत मिळत नाही. तिच्यासाठी मूळ अहवालच उघडावा लागतो. आलेख हातात आला की अहवाल वाचण्याची गरज संपली असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी ही सेवा घातक आहे असे मी गंभीरपणे म्हणेन.

या दरासोबत त्याच दिवशी दुसरा एक आकडा येतो, तो म्हणजे त्या महिन्यात किती नोकऱ्या वाढल्या हा. तो कुटुंबांच्या पाहणीतून येत नाही. आस्थापनांच्या वेतनपटावरून येतो. त्यामुळे दोन ठिकाणी काम करणारी व्यक्ती त्यात दोनदा मोजली जाते आणि स्वयंरोजगार करणारी मुळीच मोजली जात नाही. बिगरशेती रोजगाराची ही मालिका फ्रेडवर १९३९ पासून आहे. तिचा पहिला आकडा हा कच्चा अंदाज असतो. उशिरा उत्तरे पाठवणाऱ्या आस्थापनांची माहिती आली की पुढचे दोन महिने तो सुधारला जातो आणि वर्षातून एकदा बेरोजगारी विम्याच्या कर-नोंदींशी संपूर्ण मालिका पडताळली जाते.

हे सारे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचे असेल तर फ्रेडचे जोडभावंड ‘अल्फ्रेड’ उघडावे. तिथे अनेक मालिकांच्या जुन्या आवृत्त्या तारखेनिशी जपलेल्या आहेत. अमुक दिवशी जगाला कोणता आकडा माहीत होता, हे तिथे कळते. मे २०२५ ची नोंद पाहा. त्या महिन्यात १ लाख ३९ हजार नोकऱ्या वाढल्या असे प्रथम जाहीर झाले, पुढच्या महिन्यात तो आकडा १ लाख ४४ हजार झाला आणि १ ऑगस्टच्या अहवालात तो १९ हजारांवर आला. जूनचा आकडा १ लाख ४७ हजारांवरून १४ हजारांवर आणि सप्टेंबरच्या अहवालात उणे १३ हजारांवर गेला. १ ऑगस्टच्या त्या अहवालानंतर काही तासांतच राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी बीएलएसच्या आयुक्त एरिका मॅकएन्टार्फर यांना पदावरून दूर केले आणि आकड्यांत फेरफार केल्याचा आरोप केला. या आरोपाला त्यांनी कोणताही पुरावा दिला नाही. मला या प्रसंगाचे मनापासून वाईट वाटले. अल्फ्रेडमध्ये तासभर घालवला की लक्षात येते की आकड्यांची दुरुस्ती ही दर महिन्याची, उघडपणे चालणारी, दशकानुदशके नोंदवून ठेवलेली रीत आहे. वळणाच्या काळात ती मोठी असते, कारण अर्थव्यवस्थेचा वेग बदलत असताना पहिला अंदाज मागेच राहतो. ज्या संस्थेने आपले प्रत्येक जुने उत्तर पुसून न टाकता सगळ्यांसमोर ठेवले आहे, तिच्यावर लपवाछपवीचा आरोप करणे अन्यायाचे आहे.

जुन्या आवृत्त्यांचा आणखी एक उपयोग अर्थतज्ज्ञ क्लॉडिया साम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाच्या पानावर दिसतो. बेरोजगारीच्या दराची तीन महिन्यांची सरासरी मागच्या बारा महिन्यांतल्या नीचांकापेक्षा अर्ध्या टक्केबिंदूने किंवा त्याहून जास्त वर गेली तर मंदी सुरू झाली असे समजावे, हा तो नियम. फ्रेडवर तो दोन प्रकारे मिळतो : आजच्या सुधारित आकड्यांवरून आणि त्या त्या वेळी हाती असलेल्या आकड्यांवरून. अभ्यासाला दुसरा घ्यावा. जुलै २०२४ मध्ये हा निर्देशक अर्ध्याची रेषा ओलांडून गेला, पण मंदी काही आली नाही. नव्याने काम शोधू लागलेल्यांची संख्या वाढल्यामुळेही दर चढतो, आणि तेव्हा कारण पाहिल्याशिवाय नियम लावता येत नाही.

ऑक्टोबर २०२५ च्या रिकाम्या जागेबद्दल लिहिल्याशिवाय हे परीक्षण पूर्ण होणार नाही. १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत अमेरिकेच्या केंद्र सरकारचे कामकाज निधीअभावी बंद राहिले. त्या काळात कुटुंबांची पाहणी झालीच नाही. सप्टेंबरचा दर ४.४ टक्के आहे, नोव्हेंबरचाही दर आहे, आणि त्यांच्यामध्ये ऑक्टोबरच्या ओळीत आकडाच नाही. १९४८ पासून चालत आलेल्या मालिकेत असा महिना पूर्वी कधी आलेला नव्हता. नोकऱ्यांच्या संख्येची मालिका मात्र त्याच महिन्यासाठी उशिरा का होईना पूर्ण झाली, कारण आस्थापनांकडे वेतनपट लिहिलेला असतो आणि तो मागाहूनही पाठवता येतो. कुटुंबातल्या माणसाला ‘दीड महिन्यापूर्वीच्या त्या विशिष्ट आठवड्यात तुम्ही काम शोधत होता का?’ असे विचारून विश्वासार्ह उत्तर मिळत नाही. दोन पाहण्यांमधला फरक मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून सांगत आले, पण त्या एका कोऱ्या जागेने तो अधिक स्पष्टपणे समजावला. आकडे उतरवून घेणाऱ्यांनी मात्र इथे जपावे. त्या महिन्याची जागा कोरी येते आणि सरासरी काढणारे सूत्र ती कशी हाताळते हे स्वतः तपासावे लागते. एका आर्थिक संकेतस्थळावर मी त्या जागी शून्य धरून काढलेला आलेख पाहिला होता. त्यात अमेरिकेची बेरोजगारी महिनाभरासाठी नाहीशी झालेली होती.

सूत्र लिहून दोन मालिकांचे गुणोत्तर काढण्याची सोय मला फार मोलाची वाटते. रिक्त जागांच्या मालिकेला बेरोजगारांच्या संख्येने भागले की एका बेरोजगारामागे किती जागा रिकाम्या आहेत हे कळते. मार्च २०२२ च्या सुमारास हे गुणोत्तर दोनपर्यंत गेले होते आणि २०२५ मध्ये एकच्या आसपास येऊन थांबले. दर त्या काळात फार हललेला नाही, परंतु नोकरी शोधणाऱ्याची परिस्थिती पुष्कळ बदलली होती. मोठ्या प्रमाणावर नोकरकपात झाली नाही, पण नवी भरती मंदावली आणि पहिली नोकरी शोधणारा तरुण सर्वांत आधी अडकला. रिक्त जागांची मालिका डिसेंबर २००० पासूनचीच आहे आणि त्या पाहणीला प्रतिसाद देणाऱ्या आस्थापनांचे प्रमाण बरेच घटले आहे, हे ध्यानात ठेवून ती वाचावी. कुटुंबांच्या पाहणीचा प्रतिसादही दशकभरापूर्वीच्या ९० टक्क्यांच्या जवळपासच्या पातळीवरून ७० टक्क्यांच्या खाली आला आहे. ज्यांना महिनाभर थांबायचे नसेल त्यांच्यासाठी बेरोजगारी भत्त्याच्या नव्या अर्जांची साप्ताहिक मालिका आहे.

काही उणिवा नीट सांगायला हव्यात. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही. निवडलेल्या कालखंडानुसार तो आपोआप ताणला जातो. शेवटचे एकच वर्ष निवडले तर ४.१ वरून ४.३ वर गेलेला दर कड्यासारखा दिसतो, आणि महिन्याच्या बदलात सुमारे ०.२ टक्केबिंदूंपर्यंतचा फरक केवळ नमुन्याच्या मर्यादेमुळेही पडू शकतो. अक्षाची मर्यादा हाताने ठरवता येते, पण तशी सोय आहे हे शोधल्याशिवाय सापडत नाही आणि नमुन्याच्या चुकीचा पट्टा तर आलेखावर दाखवलाच जात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अनेक मालिकांची दोन रूपे, हंगामी चढउतार वगळलेले आणि न वगळलेले, जवळजवळ सारख्याच नावांनी शोधात येतात. एकदा मी घाईत राष्ट्रीय दराचे पहिले रूप आणि एका परगण्याचे दुसरे रूप एकाच आलेखावर ठेवले आणि जानेवारीत त्या परगण्यात संकट आल्याचा निष्कर्ष विद्यार्थ्यांना सांगितला. पुढच्या तासाला मला तो मागे घ्यावा लागला. परगण्यांचे आकडे बहुतांशी न वगळलेल्या रूपातच असतात, तेव्हा तुलना त्याच महिन्याच्या मागच्या वर्षाशी करावी.

जानेवारीचा आणखी एक पेच आहे. त्या महिन्यात कुटुंबांच्या पाहणीत लोकसंख्येचे नवे अंदाज घेतले जातात आणि मागचे आकडे त्यानुसार बदलले जात नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये अशा बदलाने प्रौढ लोकसंख्या एका रात्रीत सुमारे २९ लाखांनी वाढली आणि रोजगारातल्या लोकांची संख्या सुमारे २० लाखांनी उडी घेताना दिसते. दरावर याचा परिणाम नगण्य असतो, पण संख्येचा आलेख काढणाऱ्याला ती उडी खरीच वाटेल. इतर देशांच्या बेरोजगारीच्या मालिकाही इथे पुष्कळ आहेत. परंतु त्यांतल्या अनेकांच्या नावापुढे ‘बंद’ असा शेरा आहे आणि ज्या चालू आहेत त्या मूळ देशाच्या प्रसिद्धीपेक्षा मागे असतात. अमेरिकेखेरीज दुसऱ्या देशाचा श्रमबाजार पाहायचा असेल तर त्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयाकडे किंवा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या संग्रहाकडे जाणे बरे.

एक्सेलची जोडणी आणि मोबाइलचे ॲप ठीक आहेत. ॲपवर पाहणे सोयीचे, पण आलेख रचण्याचे काम संगणकावरच करावे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने खाते उघडून चार रेषांचे एक पान जपून ठेवावे : मथळ्यातला दर, २५ ते ५४ वयोगटाचे रोजगार-प्रमाण, यू-६ आणि नव्या अर्जांची साप्ताहिक मालिका. माझ्या पानावर हे चार आलेख आहेत, आणि पाचव्या जागी अल्फ्रेडमधून घेतलेला मे २०२५ चा पुन्हा पुन्हा बदललेला आकडा.